खऱ्या लग्नाचा पुरावा

"माताजी, जरा सट के बैठिए. आप फ्रेम में नहीं आ रही हैं."

चौकातल्या स्टुडिओचा फोटोवाला म्हणाला. सासूबाई हलल्या नाहीत.

बनारसच्या रामघाटावरच्या घरातली वरची खोली. लाकडी सोफा. मध्ये मी, उजवीकडे नवरा, डावीकडे सासूबाई. मागे सासरे उभे, त्यांना सगळे नाना म्हणतात. माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये एक माणूस आरामात बसेल एवढी जागा. फोटोवाल्याने पुन्हा हात हलवून दाखवलं. आणखी जवळ. आणखी.

नवरा म्हणाला, "आई, मिनिटाचं काम आहे. अमेरिकेत दाखवायचंय."

"माहीत आहे रे बाबा."

त्या सरकल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. लग्नानंतर पहिल्यांदा. त्यांनी श्वास धरून ठेवला होता, मला जाणवत होतं. मी हसले. त्याही हसल्या. फोटो निघाला.

निघाल्या निघाल्या त्या उठल्या आणि सरळ न्हाणीघरात गेल्या. आतून बादली भरल्याचा आवाज. मग हाक, कामवाल्या बाईला. "गरम पाणी आण गं. केसांवरून घेते."

सकाळी त्यांची आंघोळ झालेली होती. पूजा झाली होती. जेवणं व्हायची होती फक्त.

फोटोवाला स्टँड दुमडत होता. त्याने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला कळलं. बनारसमध्ये ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. नाना खिडकीशी जाऊन नदीकडे बघत उभे राहिले. खालून पाठशाळेतल्या मुलांचं मंत्र म्हणणं ऐकू येत होतं, एका सुरात.

नवरा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात बघत होता. मला म्हणाला, "बघ, किती छान आलाय. एकदम नॅचरल."

तो फोटो अमेरिकेला गेला. सरकारी अर्जासोबत. खाली लिहिलं होतं, पतीच्या कुटुंबासोबत. आमचं लग्न खरं आहे, याचा पुरावा.

त्या दिवशी मी पाण्याचा आवाज थांबेपर्यंत सोफ्यावर बसून राहिले. मग खाली गेले आणि जेवले. वेगळ्या ताटात. ते ताट माझ्यासाठीच आणलेलं होतं. नवं कोरं, चकचकीत. "अमेरिकेहून येतेस, तुला स्वच्छ लागतं ना," असं म्हणून.

*

माझे वडील भंडाऱ्याकडचे. बनारसच्या रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि इथेच राहिले. मी कॉलनीत जन्मले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आम्ही बौद्ध. आधीचे महार. कॉलनीत आम्हाला 'मराठी लोग' म्हणत, आणि घाटावरच्या मराठी लोकांना आम्ही मराठी वाटत नसू. लहानपणी आई एकदा मला ब्रह्मा घाटाकडच्या गणपतीला घेऊन गेली होती. आपली भाषा ऐकायला मिळेल म्हणून. तिथल्या एका बाईने आईचं बोलणं ऐकलं, हसली आणि विचारलं, "कुठली गं ही भाषा?" आई परत कधी गेली नाही.

मी फिजिओथेरपी शिकले. नवरा विद्यापीठाच्या एका कार्यक्रमात भेटला. तो रामघाटचा, भिक्षुक घराण्यातला. त्याचे वडील संस्कृतचे प्राध्यापक. ते काही वर्षं अमेरिकेत एका विद्यापीठात शिकवायला होते, तेव्हा हा तिथे जन्मला. मग सगळे परत आले. हा मोठा झाल्यावर शिकायला पुन्हा तिकडे गेला. पासपोर्ट त्याच्या खिशात पाळण्यापासून होता. जन्माने ब्राह्मण, जन्माने अमेरिकन. दोन्हीपैकी एकासाठीही त्याला बोट हलवावं लागलं नव्हतं.

तो चांगला बोलायचा. जात मानत नाही म्हणायचा. मला खरं वाटलं. आजही वाटतं, तेव्हा त्यालाही ते खरं वाटत असावं.

लग्न कचेरीत झालं. सह्या करून. माझे आई-बाबा आले, त्याच्याकडून नाना एकटे आले. नानांनी मला आशीर्वाद दिला, डोक्यावर हात न ठेवता, हात वरच्या वर धरून. सासूबाई आल्या नाहीत. पुढे त्या पाहुण्यांना सांगत, "तसं लग्न म्हणजे लग्न नव्हेच. विधी कुठे झालाय?"

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत बायको अमेरिकेत पोचली, तर तिला ग्रीन कार्ड मिळतं, पण अटीचं. दोन वर्षांपुरतं. मी त्याच कार्डावर गेले. मुदत संपायच्या आधी नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा. आमचं लग्न खरं आहे, कार्डासाठी केलेलं नाही, हे दाखवायचं. घराचा करार, बँकेचं खातं, फोटो, ओळखीच्यांची पत्रं. दोघांच्या सह्या. ते पटलं तर अट निघते आणि पक्कं कार्ड मिळतं. नाही पटलं तर परत जा.

म्हणजे रामघाटावर माझं लग्न खोटं, आणि तिकडे मी ते खरं असल्याचं सिद्ध करायचं. रामघाटचाच फोटो लावून.

*

आम्ही तिकडे परतलो, मिळून अर्ज केला आणि वाट बघणं सुरू झालं.

बोटांचे ठसे घेतले. मग शांतता. साइटवर एकच ओळ, तुमचा अर्ज मिळाला आहे. महिने गेले, तीच ओळ. कार्डावरची तारीख उलटली. सरकारकडून एक पत्र आलं, अर्ज विचाराधीन असल्याने कार्डाची मुदत वाढवली आहे. आता प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी दाखवायच्या. मेलेलं कार्ड, आणि ते जिवंत आहे असं सांगणारा कागद. कामावर दाखवायच्या. गाडीच्या लायसन्सला दाखवायच्या. विमानतळावर दाखवायच्या. खिडकीतला माणूस कार्ड उलटंसुलटं करायचा, तारीख बघायचा, कपाळाला आठ्या. मी कागद पुढे करायची. तो कागद घेऊन आत जायचा. मी उभी.

घरात मात्र कुणी कागद मागत नसे. घरात नवराच सरकार होता.

सुरुवातीला चेष्टेत. भाजी खारट झाली, "अजून पक्कं व्हायचंय हां तुझं." माहेरी फोन जरा लांबला, "जपून, अजून पक्कं व्हायचंय." मी पण हसायची. मग गणपतीला आमच्याकडे त्याचे मित्र आले, सगळे मराठी, पुण्या-नाशिककडचे. कुणीतरी मला विचारलं, इथे किती वर्षं झाली. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "ही अजून प्रोबेशनवर आहे."

सगळे हसले. बायकासुद्धा. हातात मोदकाची ताटली घेऊन मी पण हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते. त्यांच्या नाही, माझ्या.

पुढे चेष्टा राहिली नाही. मी फिजिओथेरपीच्या परीक्षेची फी भरायची म्हटलं, तर "आधी पक्कं होऊ दे, मग बघू." बाबांना तिकडे बोलवायचं म्हटलं, "आधी पक्कं होऊ दे." मूल? "पक्कं होऊ दे." आणि भांडण झालं, की आवाज न चढवता, लॅपटॉपवरची नजर न काढता, "मी फक्त एक ईमेल करायचा अवकाश आहे."

त्याने मला कधी मारलं नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते लागणार आहे.

मी एका वृद्धाश्रमात काम करत होते. म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं, अंघोळ घालायची. काही प्रेमळ होते, काही घाणेरडं बोलायचे. एक आजी मला रोज माझा देश विचारायची आणि रोज विसरायची. पण माझा हात लागला म्हणून कुणी परत अंघोळ केली नाही. मी तिथे सुखी होते असं नाही. एवढंच, की दिवसाचे काही तास माझ्या अंगाला अंग म्हणून किंमत होती.

*

धाकट्या दिराचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याची, मोठ्या घराण्यातली, सोवळंओवळं पाळणारी माणसं. लग्न इथेच, बनारसला, ब्रह्मा घाटाजवळच्या कार्यालयात. आम्ही दोघं आलो. पासपोर्ट आणि कार्ड सोडून माझे सगळे कागद एका फाइलमध्ये होते आणि फाइल नवऱ्याच्या बॅगेत. "तुझ्याकडून हरवेल," म्हणून.

माझ्या आई-बाबांना बोलावणं नव्हतं. मी नवऱ्याला विचारलं.

"आई म्हणते, नको. त्यांनाच अवघडल्यासारखं होईल."

"त्यांना की तुम्हाला?"

"आता सुरू करू नकोस. कार्डाचा इंटरव्ह्यू व्हायचाय अजून आपला."

लग्नाच्या सकाळी सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ. "तू दमली असशील गं प्रवासाने. स्वयंपाकघराकडे नको येऊस, मांडवात पण गर्दी आहे. तू आपली खुर्चीवर बसून राहा. आणि माहेर कुणी विचारलं तर नागपूरकडचं म्हण. आडनाव कशाला सांगतेस."

मी बसले. भरजरी साडी नेसून, दाराजवळच्या खुर्चीवर, चपला काढतात तिथून चार पावलांवर. येणारा प्रत्येक माणूस मला नमस्कार करून आत जात होता. अमेरिकेची सून. मला वाटलं, उठून जावं. मग वाटलं, कागद त्याच्या बॅगेत आहे. बसून राहिले.

दुपारी मुलीची मावशी हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली. गोरीपान, बोलकी, मनाने चांगली वाटणारी बाई. मला हळद लावली, कुंकू लावलं. माझी साडी हाताने चाचपून म्हणाली, "बनारसीच ना? इथलीच?"

"हो."

"तुम्ही माहेरच्या कुठल्या?"

सासूबाई कुठून आल्या कळलं नाही. माझ्या आधीच बोलल्या. "नागपूरकडचे आहेत ते. हिचे वडील रेल्वेत मोठे ऑफिसर होते."

माझ्या डोळ्यांसमोर बाबांचे हात आले. इंजिनाचं काळं तेल त्यांच्या नखांच्या कडांत मुरलेलं होतं. निवृत्त झाल्यावरही ते निघालं नव्हतं. जेवायला बसताना ते साबणाने कोपरापर्यंत हात धूत, पुन्हा धूत, आणि मग माझ्या ताटातलं काही उचलायचं असेल तर मला विचारत, "घेऊ ना गं?"

माझी जात सासूबाईंनी झाकली होती, ते मी गिळलं होतं. पण आता माझा बापच पुसून टाकला.

"ऑफिसर नाही," मी म्हणाले. "फिटर. इंजिनाच्या कारखान्यात फिटर होते. नागपूर नाही, भंडारा. आम्ही बौद्ध आहोत. आधीचे महार. माझे आई-बाबा याच गावात राहतात. त्यांना बोलावलेलं नाही."

मोठ्याने बोलले नाही मी. 

मावशी म्हणाली, "अस्सं. छान, छान." तबक या हातातून त्या हातात घेतलं. मग ज्या बोटाने मला कुंकू लावलं होतं ते बोट रुमालाला पुसलं. तिला कदाचित कळलंही नसेल आपण काय केलं. हात आपोआप गेला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. भीती होती. एवढी वर्षं मी त्यांना भ्यायले, आणि त्या मला भीत होत्या. माझ्या तोंडातून दोन वाक्यं निघतील म्हणून.

मी उठले. कुणी अडवलं नाही. गल्ल्यांतून मैदागिन चौकापर्यंत चालत गेले, जरीची साडी हाताने वर धरून. तिथून टोटोत, बॅटरीच्या रिक्षात, बसले. टोटोवाला म्हणाला, "शादी से आ रही हैं? इतनी जल्दी?"

आईने दार उघडलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काहून आली? झालं का लगन?"

"नाही. मी सांगून आले, आपण कोण ते."

आई दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "जेवली नसशील." आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

*

दोन दिवसांनी नवरा आला. दारात उभा राहिला. आईने खुर्ची पुढे केली, तो बसला नाही.

"तुला कळतंय का तू काय केलंस? आई जेवलेली नाही. मुलीकडच्यांनी तोंड टाकलंय."

"मी खोटं काय बोलले?"

"खरं-खोट्याचा प्रश्न नाहीये. जागा-वेळ असते."

"कुठली जागा? कुठली वेळ? पक्कं झाल्यावरची?"

त्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, त्याचं परतीचं विमान ठरलेल्या दिवशीच आहे. मी शांत झाले की यावं. मी फाइल मागितली. पासपोर्ट माझ्याकडे होता, कार्ड होतं. मुदतवाढीचा कागद फाइलमध्ये होता.

"फाइल माझ्याकडे राहू दे. तू आता अशा मनःस्थितीत काहीही करशील."

बाबा उठले. हात जोडले. माझ्या बापाने त्याच्यासमोर हात जोडले. "जावईबापू, कागद तेवढा देऊन जा. तिचा आहे तो."

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही यात पडू नका. तुम्हाला त्यातलं कळत नाही." आणि गेला.

विमान कंपनीला विचारलं. ते म्हणाले, मूळ कागद लागेल, मोबाइलमधला फोटो चालणार नाही. अमेरिकेतल्या कामावरून फोन आले, मग यायचे बंद झाले.

काही आठवड्यांनी व्हिडिओ कॉल आला. तिकडे तो, आणि रामघाटच्या घरातून नाना. नवऱ्याने मोजकं बोलायचं ठरवलेलं दिसत होतं. "मी कागद कुरियरने पाठवतो. सहीपण तशीच राहील. इंटरव्ह्यूला मी येईन, सगळं नीट बोलेन. तू फक्त रामघाटला जाऊन आईची माफी माग. नव्या सुनेसमोर, तिच्या आईसमोर. सांग, रागाच्या भरात भलतंच बोलून गेले."

"भलतं म्हणजे?"

"तुला कळतंय."

"म्हणजे मी महार नाही असं सांगू?"

 मग नाना बोलले. फार सज्जन माणूस, असं सगळे म्हणतात. माझ्याशीसुद्धा कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. "मुली, माफीने कुणी लहान होत नाही. मन मोठं करावं."

"नाना, फोटो काढल्यावर आई अंघोळीला गेल्या होत्या. तुम्ही तिथेच होतात."

"जुन्या वळणाची आहे ती."

"आणि तुम्ही?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.  जन्मभर त्यांनी देशोदेशीच्या पोरांना शिकवलं, सगळ्यांत एकच आत्मा आहे. आणि स्वतःच्या घरातलं पाणी ऐकू आलं तेव्हा खिडकीतून नदी बघितली.

मी म्हणाले, "मी माफी मागणार नाही."

"विचार कर," नवरा म्हणाला. "इथे तुझं काय आहे? माझ्या सहीशिवाय तू अमेरिकेत कोण आहेस?"

"तुझ्या सहीने कोण होते?"

त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला. एक ओळ. मी अर्जातून माझी सही मागे घेत असल्याचं कळवलं आहे.

मेसेज वाचून मी हलकी झाले, असं लिहायला बरं वाटलं असतं. झालं नाही तसं.  आई पाठीवर हात फिरवत राहिली. त्या वर्षांत शिकलेलं, कमावलेलं, सहन केलेलं, सगळं एका ओळीत गेलं. द्यायची राहिलेली परीक्षा गेली. काम गेलं. आणि वर हे, की अर्ज नामंजूर झाला तर कागदावर कायमचं राहणार, या बाईला आपलं लग्न खरं असल्याचं दाखवता आलं नाही. शेवटी सासूबाईंचंच म्हणणं सरकारी शिक्क्याने खरं ठरणार होतं.

*

अमेरिकेतल्या एका संस्थेच्या वकीलबाईंशी फोनवर बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. एकटीने अर्ज करता येतो म्हणाल्या. लग्न खरं होतं आणि नवऱ्याने छळ केला, हे दाखवावं लागेल. नुसता मानसिक छळसुद्धा धरतात, पण सिद्ध करणं अवघड. शिवाय तुम्ही अमेरिकेबाहेर जितक्या जास्त राहाल तितकं ते म्हणतील, हिने इथलं घर सोडलं. निकालाला वर्षं लागतील. मी विचारलं, "आशा आहे का?"  "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही," म्हणाल्या.

बाबांच्या ओळखीने आम्ही दोघं शहरातल्या सिगरा भागात एका व्हिसा एजंटकडे गेलो. छोटं ऑफिस, भिंतीवर परदेशांचे झेंडे. त्याने चहा मागवला. चांगलं वागला. मग विचारायला लागला.

"मारता था?"

"नहीं."

"कभी धक्का-वक्का? थप्पड़?"

"नहीं."

"तो फिर मैडम, लिखेंगे क्या?"

मी सांगितलं. ताट. अंघोळ. खुर्ची. माफी कशाची मागायला लावली ते. तो ऐकत होता. त्याला सगळं समजत होतं, तो इथलाच होता. मान हलवत म्हणाला, "देखिए, हम समझ रहे हैं. पर ये जात-वात वहाँ कौन समझेगा? उनको चोट चाहिए. थोड़ा मार-पीट जोड़ दीजिए. डॉक्टर का पर्चा हम बनवा देंगे."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या नजरेत मला दिसलं, त्यांना वाटत होतं मी हो म्हणावं. त्यांनी आयुष्यभर एका सुताएवढी चूक न करता इंजिनं जोडली होती आणि आता मुलीसाठी ते खोटा कागद करायला तयार होते.

मी "सोच के बताती हूँ" म्हणाले आणि आम्ही बाहेर आलो.

खरंच विचार केला. किती तरी दिवस केला. एक थप्पड लिहायची फक्त. कुणाला कळणार? त्याने जे केलं त्यापुढे थप्पड काहीच नाही. थप्पड लिहिली असती तर अधिकाऱ्याला एका मिनिटात कळलं असतं. मी वाक्यसुद्धा तयार केलं मनात. कुठल्या खोलीत, कुठल्या गालावर.

मग एके दिवशी दुपारी आई धुणं वाळत घालत होती आणि मी तिला विचारलं, "मी लिहू का, त्याने मारलं म्हणून?"

ती चिमटा लावत म्हणाली, "मारलं का?"

"नाही."

"मग जे केलं ते कमी होतं का?"

एवढंच. पुढचा कपडा झटकला.

मी आत आले. तेव्हा कळलं की एजंट मला काय सांगत होता. तुझं जे झालं ते मोजता येत नाही, म्हणून मोजता येईल असं काहीतरी आण. आणि थप्पड लिहिली, की अंघोळ गेलीच. मग ती घडलीच नाही. मग सासूबाई जुन्या वळणाच्या, नाना सज्जन, आणि नवरा एक रागीट माणूस. एवढंच उरणार. म्हणजे त्यांचं सगळं मी माझ्याच हाताने झाकणार.

मी जबानी लिहायला बसले. आधी मराठीत, मग इंग्रजीत. पहिलं वाक्य लिहिलं, माझ्या नवऱ्याने मला कधीही मारलेलं नाही. मग माझी जात लिहिली, नाव घेऊन. आमच्याशी शिवाशीव म्हणजे काय करतात ते लिहिलं, जसं घरात घडलं तसं, न रडता. सही मागे घेण्याची धमकी कशी रोजच्या जेवणात वाढली जायची ते लिहिलं. आणि नवऱ्याने माफी नेमकी कशाची मागायला सांगितली, ते त्याच्याच शब्दांत.

वकीलबाईंनी वाचलं. म्हणाल्या, ताकदवान आहे, पण अधिकारी हे कसं घेईल सांगता येत नाही. काही भाग जरा सौम्य करू या का?

मी नाही म्हटलं.

अर्ज या आठवड्यात जाईल. तिकडे एखाद्या टेबलावर पडेल. मग पुन्हा तीच ओळ, तुमचा अर्ज मिळाला आहे. महिने जातील, वर्षंही. ज्याच्या हातात तो पडेल त्याने महार हा शब्द कधी ऐकलेला नसेल. बहुतेक नामंजूर होईल. त्या देशात मला परत जाता येणार नाही. इथे मी नवऱ्याने टाकलेली म्हणून राहीन, आणि घाटावर सांगतील, ती बाई कार्डासाठीच आली होती.

सांगू देत.

मला न्याय मिळेल म्हणून मी हे पाठवत नाही. माझ्या तोंडून पुन्हा कुणी खोटं वदवून घेणार नाही, म्हणून पाठवते. बोलावलं तर कुठल्याही खिडकीसमोर जाऊन हेच सांगेन. विचारतील, आणखी काही पुरावा आहे का? मी म्हणेन, मी आहे. नाही म्हणाले, तर परत येईन. यातला एक शब्द मागे घेणार नाही.